नानांची पितळी परात

भुसावळला दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि शस्त्र कधी हाती धरू नका असं शिकवणारी एक मंडळीही आहे. कारखान्यात माणसं जास्त आहेत.

मंडळी म्हणजे मेनोनाइट ख्रिस्ती मंडळी. रेल्वे कॉलनीच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून पत्र्याची एक खोली, आणि तिच्यावर निळ्या रंगातली पाटी. पाटी वाचून लोक विचारत, "हे काय असतं हो?" पास्टर शमुवेल सोनवणे, म्हणजे सगळ्यांचे नाना, आयुष्यभर एकच उत्तर देत आले होते : "आम्ही भांडत नाही, शपथ घेत नाही आणि लहान मुलांचा बाप्तिस्मा करत नाही." ऐकणारा जरा थांबे. मग म्हणे, "बरं, पण करता काय?" ह्या प्रश्नाचं उत्तर सत्तरी उलटली तरी नानांना सुचलेलं नव्हतं.

नाना मूळचे असोद्याचे. असोद्यातले काही म्हातारे अजून त्यांना 'मास्तर' म्हणतात, कारण पांढरा सदरा घालून उभ्याने बोलणारा माणूस एक तर मास्तर असतो नाहीतर उमेदवार, आणि नाना कधी निवडून आले नव्हते. तरुणपणी ते छत्तीसगडला जाऊन बायबल शिकून आले. तिकडूनच रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळला आलेल्या चार घरांनी ही मंडळी सुरू केली होती. नानांना तिथे पास्टर नेमलं, तेव्हा खोलीत बसायला जागा पुरत नसे. पुढे लोक निवृत्त झाले, बदलून गेले, वारले. भाईदास नावाचा एक जण कारखान्यात होता. आठवडाभर तो तोफगोळे करी आणि रविवारी ते वापरावे लागू नयेत म्हणून प्रार्थना करी. दोन्ही कामं तो मन लावून करी. तोही मुलाकडे नाशिकला गेला.

राहता राहिले दोन पुरुष : नाना आणि गिरधर. आणि जगात शांतता नांदावी म्हणून स्थापन झालेल्या ह्या मंडळीतले हे शेवटचे दोन पुरुष दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

ही गोष्ट हसण्यावारी गेली असती, पण मध्ये पाय आले.

ह्या मंडळीचा एक जुना रिवाज आहे. वर्षातून दोनदा, एकदा गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आणि एकदा ऑक्टोबरात, प्रभुभोजन होतं. भाकर मोडतात, काळ्या मनुका उकळून केलेलं पाणी पितात. पण त्याआधी पाय धुवायचे. आपले नव्हे, दुसऱ्याचे. पुरुषाने पुरुषाचे, बाईने बाईचे. येशूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. जोडी करायची, एकाने खाली बसून दुसऱ्याचे पाय परातीत धुवायचे, पुसायचे, मग जागा बदलायची. आणि ज्याचे पाय कोणी धुतले नाहीत, त्याने भाकर घ्यायची नाही. पहिल्या लोकांनी हा नियम केला तेव्हा माणसं भरपूर होती. जोडीच मिळणार नाही अशी वेळ येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

परात पितळी होती. ती द्रौपदाबाईंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या लग्नातली. द्रौपदाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण नाव बदलून घेतलं नाही. मिशनच्या एका बाईने 'डोरोथी' सुचवलं होतं. द्रौपदाबाई म्हणाल्या, "देवाला माझं नाव घेता येत नसेल तर मी त्याला शिकवीन." त्या परातीत तीस वर्षं नानांचे पाय गिरधरने धुतले आणि गिरधरचे नानांनी. गिरधर साक्रीकडचा. रेल्वेत गँगमन होता, रुळांवरून मैलोगणती चालायचा. त्याच्या टाचेच्या भेगांमध्ये कुठली खडी आहे हेही नानांना पाठ होतं.

गिरधरचं दुसरं काम सूर देण्याचं. मंडळीत पेटी नाही, तबला नाही. चार गळे चार पट्ट्यांत एकत्र गातात. गिरधरने सूर दिला की वरची पट्टी द्रौपदाबाई धरत, आणि तळाला नाना. वरची पट्टी असली की खालचा आवाज भारदस्त वाटतो. ती नसली की तोच आवाज दूर कुठेतरी जातं फिरत असल्यासारखा वाटतो.

द्रौपदाबाई वारल्या तेव्हा कबरस्तानात गिरधरनेच सूर दिला. तो इतका उंच दिला की कोणाला गाठता येईना. बायका अडखळल्या, पुरुष खोकले. तो एकटाच वर जाऊन थरथरत उभा राहिला. नानांचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. ते म्हणाले, "अरे गिरधर, खाली घे. हा दफनविधी आहे, स्टेशनावरची घोषणा नाही."

कबरीभोवती निम्मे रेल्वेचे लोक होते. दोघे-तिघे हसले. हसू नये तिथे हसू आलं की आवरत नाही. गिरधर थांबला, त्याने चपला पायात घातल्या आणि तो निघून गेला. गाणं नानांनी एकट्याने संपवलं. पुढच्या महिन्यात गिरधर भुसावळ सोडून मुलीकडे रावेरला राहायला गेल्याचं कळलं.

नानांनी स्वतःची समजूत काढली होती : माझी बायको मातीत चालली होती आणि ह्याला आपला गळा दाखवायचा होता. अशी समजूत एकदा केली की ती पाळीव जनावरासारखी घरातच राहते. तिला रोज थोडं खायला घालावं लागतं.

दोन वर्षांत चार प्रभुभोजनं झाली. चारही वेळा नानांनी भाकर मोडली, दुसऱ्यांना दिली आणि स्वतः घेतली नाही. कोणाच्या लक्षात आलं नसावं असं त्यांना वाटत होतं. वाढणाऱ्याचं पान कोण बघतं?

घरी तर विचारणारंच कोणी नव्हतं. मुलगा पुण्याला, तो रविवारी फोन करी आणि "जेवलात का?" एवढं विचारून सुनेकडे फोन देई. सून विचारी, "जेवलात का?" बाकी सहा दिवस नाना गिरणीच्या घरघरीत जगत. रविवारचं प्रवचन शनिवारी रिकाम्या खुर्च्यांपुढे म्हणून बघत. खुर्च्या रविवारीही बहुतेक तशाच असत, त्यामुळे तालीम चांगली होई. संध्याकाळी कधी कधी एखादं गीत गात. पण त्यांच्या वाट्याला तळाची पट्टी. नुसत्या तळाच्या पट्टीवरून ते कुठलं गीत आहे हे खुद्द गाणाऱ्यालाही नीट कळत नाही.

ह्या वर्षी एप्रिल लागला आणि नानांना वाटलं, आता एकदा भाकर घ्यावी. पोटाची भूक नव्हती ती. आपण जन्मभर लोकांना ज्या पंगतीला बसवलं, त्या पंगतीत आपलं पान असावं, एवढंच. आणि तब्येत सांगत होती की पंगती आता फार उरलेल्या नाहीत.

ते रावेरच्या बसमध्ये बसले.

गिरधरचा जावई कुंदन केळी भरून पाठवायचं काम करतो. गावाबाहेर त्याची पत्र्याची शेड आहे. आत केळी धुवायचे हौद, लांब टेबलं, खोके. बाहेर ट्रक. शेडच्या तोंडाशी गिरधर खुर्ची टाकून बसला होता. नाना दिसले, पण तो उठला नाही. तीस वर्षं ज्याचे पाय धुतले तो माणूस दारात आला आणि हा उठला नाही! नानांनी ते मनात लिहून ठेवलं.

"काय पास्टर, कसा काय उनास?" गिरधर म्हणाला.

"बसने."

"ते दिखस. काम काय काढं?"

नानांनी उन्हाची चौकशी केली. ऊन कडक होतं. केळीच्या भावाची चौकशी केली. भाव पडला होता. कुंदनने चहा आणला, "बसा नाना," म्हणून खोका पुढे सरकवला. चहा संपला. बोलायचं काही उरलं नाही, तेव्हा नाना मुद्द्यावर आले.

"गुरुवारी पाय धुण्याचा विधी आहे."

"मालूम शे. दर सालले ऱ्हास."

"तू आलास तर बरं होईल. माझी जोडी जमत नाही."

गिरधरने हौदात तरंगणाऱ्या केळीच्या फण्यांकडे बघितलं. "तुले जोडी पाहिजे, पास्टर. तुले गिरधर कोठे पाहिजे?"

"तेच ना ते."

"तेच नही."

"येतोस का नाही एवढं सांग."

"नही."

नाना उठले. गिरधर निरोप द्यायलाही उठला नाही. परतीच्या बसमध्ये नानांची समजूत त्यांच्या शेजारी खिडकीपाशी बसली होती, आणि तिला आज भरपूर खायला मिळालं होतं.

गुरुवारी संध्याकाळी खोलीत तीन माणसं जमली : नाना, ताईबाई आणि ताईबाईंची सून कोकिळा. ह्या सासू-सुना वर्षभर भांडत. गिरणीत दळणाला आलेल्यांनाही त्यांच्या भांडणाचा मजकूर पाठ होता. पण वर्षातून दोनदा त्या एकमेकींचे पाय धूत. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून पिंपातलं आदल्या आठवड्याचं गाळून घेतलं होतं.

"जरा कमी ओता, आत्या. प्यायला राहू द्या," कोकिळा म्हणाली.

"नखं कापली असतीस तर कमी लागलं असतं," ताईबाई म्हणाल्या, आणि सुनेचा अंगठा पदराने हळूच पुसून दिला. पुसायला वेगळा रुमाल ठेवला होता, पण त्या पदरच वापरत.

नाना बाजूला खुर्चीवर बसून खिडकीतून गिरणीचं कुलूप बघत राहिले. मग उठले, भाकर मोडली. भाकर त्यांनीच भाजलेली होती. आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा, कोकणाच्या बाजूला जरा करपलेली. एक तुकडा कोकिळेला दिला, एक ताईबाईंना. ताईबाईंनी तो हातात धरला आणि तोंडात घातला नाही.

"आधी तुम्ही घ्या, नाना."

"तुम्ही घ्या."

"दोन वर्षं बघतेय मी. घास मोडता आणि हात झटकता. बोलायचं नाही ठरवलं होतं. पण आज तुमचा चेहरा बघवेना."

नाना ओशाळले. "नियम आहे, ताईबाई. ज्याचे पाय धुतले नाहीत त्याने..."

"नियम मला नका सांगू. माझे सासरे होते करणाऱ्यांत. गिरधरला का नाही बोलवत?"

"गेलो होतो रावेरला. खुर्चीतून उठलासुद्धा नाही तो."

कोकिळा भाकर चावता चावता थांबली. तिचं माहेर रावेरजवळचं. "उठेल कसा, नाना? दोन्ही गुडघे गेलेत त्याचे. सकाळी पोरगी आणि जावई उचलून खुर्चीत ठेवतात, संध्याकाळी उचलून नेतात. पाहुणा आला म्हणून उठायचं तर दोन माणसं लागतात त्याला."

नानांनी हातातली उरलेली भाकर खाली ठेवली. मग म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कोणाला विचारलं?" ताईबाई म्हणाल्या. "दर रविवारी इथे उभे राहून मागता, 'हे प्रभू, गिरधरचं अंतःकरण मऊ कर.' अंतःकरणाला काय धाड भरलीय त्याच्या? गुडघ्यांचं काही मागायचं होतंत." आणि त्यांनी आपला तुकडा तोंडात घातला, कारण भाकरीवर राग काढायची त्यांची सवय नव्हती.

त्या गेल्यावर नाना परातीपाशी बसले. पाण्यात सासू-सुनेच्या पायांची माती खाली बसली होती आणि वर दिव्याचा उजेड हलत होता. गिरधर शेडमध्ये बसून होता ते त्यांना आठवत राहिलं. हातात काठी नव्हती. काठीचा उपयोग निदान उभं राहता येणाऱ्याला. हे त्या दिवशी डोळ्यांसमोर होतं. बघायचं राहून गेलं, कारण ते अपमान शोधत होते, आणि शोधलं की तो सापडतोच.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. प्रार्थना दुपारी होती. नाना सकाळच्या पहिल्या बसला उभे राहिले. काखेत परात, पिशवीत रुमाल, उरलेली भाकर आणि मनुकांच्या पाण्याची बाटली.

"आबा, भांडं विकायला निघालात का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही. पाय धुवायला."

कंडक्टरने त्यांना नीट न्याहाळलं, तिकीट फाडलं आणि वाटेत सावदा येईपर्यंत दर थोड्या वेळाने मागे वळून बघत राहिला.

केळीला गुड फ्रायडे नसतो. शेडमध्ये काम जोरात होतं. हौदाशी बायका फण्या धूत होत्या, कुंदन ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होता. गिरधर त्याच खुर्चीत होता. नाना जवळ गेले, परात जमिनीवर ठेवली, हौदाशेजारच्या नळावरून अर्धी भरून आणली आणि त्याच्यापुढे खाली बसले. बसताना त्यांचेही गुडघे वाजले.

"हाई काय?" गिरधर म्हणाला.

"पाय पुढे कर."

"पास्टर, लोके देखी ऱ्हायनात."

"बघू दे. इथे केळी धुतात, मी पाय धुतोय. इथला धंदाच तो आहे."

गिरधरने पाय पुढे केले नाहीत. पण मागेही घेतले नाहीत. नानांनी ते एकेक उचलून परातीत ठेवले. पूर्वीचे टणक पाय आता सुजून मऊ झाले होते. टाचांच्या भेगा बुजल्या होत्या. न चालणाऱ्याच्या भेगा बुजतात. पावलांवर मात्र काळे डाग होते. नाना ते चोळत राहिले.

"ते निंघाव नही," गिरधर म्हणाला. "केळीना चीक शे. साबन व्हयना, रॉकेल व्हयनं."

"राहू दे मग."

"माले खाले बसता येस नही. मी तुन्हा पाय धुवू कसा? म्हणीसन नही म्हणनू."

"माहीत आहे."

"कोणी सांगं?"

"अख्ख्या भुसावळला माहीत होतं. मी सोडून."

गिरधरने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. मग त्याने हाक मारली, "ए कुंदन! पास्टरले टेबलवर बसाड."

कुंदनला काही कळलं नाही, पण सासऱ्याचं ऐकायची त्याला सवय होती. त्याने पुठ्ठ्याचे खोके बाजूला सारले आणि नानांना काखेत हात घालून खोकी भरायच्या टेबलावर बसवलं. गिरधरची खुर्ची ओढून टेबलाला लावली. परातीतलं पाणी बदलून ती त्याच्या मांडीवर ठेवली. नानांचे पाय बरोबर परातीत लोंबले.

"कुंदनभाऊ, ह्या घडाचं वजन करायचं का?" हौदावरची एक बाई म्हणाली.

"राहू दे," कुंदन म्हणाला. "जास्त पिकेल शे. बाहेरदेशले चालाव नही."

बायका हसल्या. नानाही हसले. ह्या वेळी कोणी चपला घालून निघून गेलं नाही. एक तर निघून जाता येत नव्हतं.

गिरधरने पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, घोट्याभोवतून, जसे तीस वर्षं धुवायचा तसे. रिवाजाप्रमाणे पाय पुसताना गीत म्हणायचं असतं. त्याने रुमाल घेतला, खाकरला आणि सूर दिला. सूर उंच होता. कबरस्तानात होता तितकाच उंच.

"अरे, जरा खा..." नाना म्हणाले आणि थांबले.

गिरधरही थांबला. रुमाल नानांच्या घोट्याशी तसाच राहिला.

"तिन्हा सूर शे हाऊ," तो म्हणाला. "मी कव्हय मन्हा सूर दिन्हा व्हता? ती जठे गाये, तठला सूर मी देऊ. तिले देखीसन देऊ. दुसरा माले येसच नही. त्या दिन बी तोच दिन्हा. म्हणं, ती नही ते नही, तिन्ही जागा ते ऱ्हावो."

ट्रकवाल्याची आणि कुंदनची हुज्जत अजून चालूच होती.

"आणि मी स्टेशन म्हणालो," नाना म्हणाले.

"म्हणनास."

"चुकलो, गिरधर."

"पाय सरकाव. वल्ला शे अजून."

त्याने दुसरा पाय पुसला आणि पुन्हा सूर दिला, तोच. नानांनी तळाची पट्टी धरली. गिरधर मधल्या पट्टीवर उतरला. दोघांच्या वर, जिथे वरची पट्टी असायची, तिथे काही नव्हतं. पण दोघेही तिला जागा सोडून गात होते. तिच्यासाठी थांबायच्या जागी थांबत होते, ती श्वास घ्यायची तिथे श्वास घेत होते. मध्येच ट्रक मागे घ्यायला लागला आणि त्याचं ते पीं-पीं संगीत सुरू झालं.

"हाऊ कोणता सूर म्हणाना?" गिरधर पुटपुटला आणि गात राहिला.

मग नानांनी पिशवीतून भाकर काढली, मोडली, एक तुकडा त्याला दिला. गिरधरने तो उलटसुलट करून पाहिला.

"तू बनाडी का?"

"हो."

"दिखस."

नानांनी आपला तुकडा तोंडात घातला. भाकर जाड होती, शिळी होती, नेमकी कोकणाकडची बाजू त्यांच्या वाट्याला आली होती. चावायला बराच वेळ लागला. घास उतरावा म्हणून त्यांनी मनुकांच्या पाण्याचा घोट घेतला आणि बाटली गिरधरला दिली. गिरधरने स्वतःचा घास संपवला आणि डोळे पुसायला रुमाल उचलला, तेव्हा लक्षात आलं की त्याच रुमालाने आत्ता पाय पुसले होते. त्याने तोच वापरला.

दुपारच्या प्रार्थनेला पोचायचं होतं. नाना निघाले तेव्हा गिरधर उठला नाही. त्याने खुर्चीच्या दांड्यावरून हात तेवढा उचलला आणि ट्रकच्या धुरळ्यात नाना दिसेनासे होईपर्यंत तो खाली घेतला नाही.

परतीच्या बसला योगायोगाने सकाळचाच कंडक्टर होता. नाना खिडकीपाशी बसले, परात मांडीवर उभी धरून. शेजारची जागा रिकामी होती. आज तिच्यावर ती जुनी समजूत बसलेली नव्हती. घरी गेल्यावरही ती नसणार होती, हे त्यांना माहीत होतं.

"काय आबा, विकलं गेलं नाही वाटतं भांडं?" कंडक्टर म्हणाला.

"नाही," नाना म्हणाले. "ऑक्टोबरात परत लागेल."